आस्ताच्या डाव्या हाताला

आस्ताच्या डाव्या हाताला कोण बसणार, यावर ब्रूनांच्या घरात जेवढा खल झाला तेवढा कंपनीचे शेअर विकण्यावरही झाला नव्हता.

यजमानीणबाईच्या डाव्या हाताला जो पुरुष बसेल त्याने जेवण आटोपल्यावर उभं राहून आभाराचे चार शब्द बोलायचे, आणि ते बोलले जाईपर्यंत टेबलावरून कुणी उठायचं नाही. इतर घरांत हा नियम युद्धानंतर सैल झाला असेल. कोपनहेगनजवळच्या हेलेरुपमधल्या या घरात नव्हता. तिचा नवरा लौरिट्स गेल्यापासून त्या खुर्चीवर पाद्रीबुवा बसत. त्यांचं भाषण लांबायचं, पण त्यात घरातल्या कुणाचं नाव नसायचं, त्यामुळे ते सगळ्यांना पचायचं. यंदा आस्ताने पाद्रीबुवांना बोलावलंच नाही.

"माझ्या सत्तरीला माझा मुलगा बोलेल," ती म्हणाली.

"कुठला?" बोदिलने विचारलं. ती चांदीचे काटे पुसत होती.

"थोरला. धाकट्याला बोल म्हणावं लागत नाही, थांब म्हणावं लागतं."

"आई, होल्गर कारखान्यातसुद्धा बोलत नाही. तो नुसता बघतो आणि लोक कामाला लागतात."

"मग बघू दे माझ्याकडे. मीही लागेन कामाला."

बोदिलला मनातून ही व्यवस्था पसंत होती. आजच्या दिवशी होल्गर आईजवळ असलेला बरा. जेवणात धंद्याचं बोलायचं नाही हा या घरचा दुसरा नियम, पण कॉफी आली की विषय निघणार होता. विषय निघाला की होल्गर नाही म्हणणार, आपण नाही म्हणणार, आणि आई सवयीने थोरल्याकडे कलणार. मग धाकट्या आयनारला काय हवं ते म्हणू दे. त्याला लंडनचा पगार होता.

विषय जुनाच होता. हार्लन मोटर्सच्या युरोपात ठिकठिकाणी मुली होत्या; मोठ्या कंपनीच्या ताब्यातल्या कंपनीला डेन्मार्कमध्ये तरी मुलगीच म्हणतात. युद्धाच्या बऱ्याच आधी डेट्रॉइटच्या मालकांनी या सगळ्या मुली लंडनच्या कंपनीच्या ओटीत घातल्या आणि प्रत्येकीचा थोडा हिस्सा त्या त्या देशातल्या लोकांना विकला. कोपनहेगनचा तो हिस्सा जवळजवळ सगळा लौरिट्स ब्रूनने घेतला. अमेरिकेहून सुट्या भागांत आलेल्या गाड्यांचे पहिले खोके दक्षिण बंदरावर त्यानेच पहारीने फोडले होते. आता युद्ध संपून शांतता झाल्यावर डेट्रॉइटला आपल्या मुली परत माहेरी हव्या होत्या. लंडनकडून त्यांनी त्या मागून घेतल्याच होत्या. ब्रूनांचा हिस्सा मिळाला की डॅनिश कंपनी सोळा आणे त्यांची. नाही मिळाला, तर संचालक मंडळात एक ब्रून कायम बसून राहणार आणि त्या ब्रूनच्या होकाराशिवाय कंपनीची घडण बदलता येणार नाही.

तो ब्रून म्हणजे बोदिल.

लौरिट्स गेला तेव्हा होल्गर कारखान्याचा व्यवस्थापक होता, पगारी नोकर, म्हणून त्याला मंडळावर बसता येईना. आयनार लंडनच्या कंपनीत. आई म्हणाली, "तोवर बोदिल बसेल." तोवर म्हणजे कधीवर, हे कुणी विचारलं नाही. चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली, आईबरोबर राहणारी लेक. तिला काय, बसवलं की बसली. बोदिललाही वाटलं होतं की पहिल्याच बैठकीत झोप येईल. आली नाही. त्या वर्षी बंदरावर नव्या गाड्या टायरविना लाकडी ठोकळ्यांवर उभ्या होत्या, अन् मंडळातले सभ्य गृहस्थ सरकारला दोष देत होते. बोदिल स्वीडनला गेली, तिथल्या एका टायरवाल्याच्या बायकोशी ओळख काढून चार दिवस त्यांच्याकडे राहिली आणि टायर घेऊन आली. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "कुमारी ब्रून, आपलं मत?" आणि चिटणीसाने तिचं उत्तर लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं.

ती खुर्ची तिला हवी होती. हे कारण ती कुणालाही सांगणार नव्हती. वसंतात होल्गरला तिने सांगितलं ते दुसरं: आपण विकलं तर डेट्रॉइटवाले कारखान्याचं नुसतं गोदाम करतील, गाड्यांची जोडणी थांबेल, माणसं घरी बसतील. होल्गरने तिच्या हातावर हात मारला होता. "नाही विकायचं. संपलं." ते कारण खरंही होतं. फक्त तिच्यापुरतं ते दुसऱ्या नंबरचं होतं, आणि याची तिला अधूनमधून लाज वाटे.

होल्गर सगळ्यांच्या आधी आला आणि आल्या आल्या बागेत जाऊन झेंडा चढवू लागला. वाढदिवसाला झेंडा हवाच. बोदिल त्याच्यामागून गेली.

"आपलं ठरलंय तसंच ना?" तिने विचारलं.

"दोरी जुनी झालीय," होल्गर म्हणाला.

"होल्गर."

"अगं हो, ठरलंय ना." तो वर बघत होता. झेंडा केव्हाच टोकाला पोचला होता, तरी तो दोरी ओढतच होता. "ही झालर नवीन आहे का तुझ्या ड्रेसची? छान आहे."

होल्गरने बहिणीच्या कपड्यांबद्दल उभ्या जन्मात अवाक्षर काढलं नव्हतं. बोदिलच्या मनात काहीतरी खट्ट झालं, पण तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली आणि विबेकेच्या हसण्याचा आवाज आला. आयनारची बायको घरात शिरायच्या आधी तिचं हसू शिरत असे.

आयनार मात्र लंडनमध्ये वाळला होता. कोट अंगावर हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. आईला मिठी मारून, बोटीवरच्या वाईट जेवणाची तक्रार करून तो व्हरांड्यात बोदिलला गाठायला आला.

"कॉफीच्या आधी जरा बोलायचंय तुझ्याशी."

"लंडनने पाठवलं का?"

"लंडन आता कुणाला पाठवायच्या स्थितीत नाही. काल आम्ही सगळ्या युरोपचे सासरे होतो, आज मांडवातले आचारी. बोदिल, माझं ऐक. विकू नका."

तिला हसू आलं. "तू? विकू नका? मार्चमध्ये तर पत्रातून उपदेश करत होतास की काळाबरोबर चला."

"मार्चमध्ये ऑफिसात मला खोली होती. आता टेबल आहे."

"म्हणजे तुझी खोली गेली म्हणून आईने शेअर ठेवायचे?"

"तुझं काही जाणार नाही म्हणून तुला सोपं आहे असं विचारणं," आयनार म्हणाला. तो टोमणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच तिला तो जास्त लागला.

"कॉफीनंतर," ती म्हणाली. "जेवणात धंदा नाही."

"हे जेवण नाही, व्हरांडा आहे."

"व्हरांडाही बाबांनी हार्लनच्या खोक्यांच्या फळ्यांचाच केलाय. इथेही नको."

टेबल सुरेख लागलं होतं. शेअर जिच्या नावावर होते ती म्हातारी मधोमध, डावीकडे होल्गर, उजवीकडे आयनार. मुलांकडे प्रत्येकी चिमूटभर शेअर होते, बाकी सगळे आस्ताचे. समोर बोदिल, विबेके आणि होल्गरची बायको कार्ना. आधी शेपू घातलेला हेरिंग मासा, त्याबरोबर काळा राय पाव आणि थंडगार स्नॅप्स दारू. मग नवे बटाटे आणि डुकराचं भाजलेलं मांस, कुरकुरीत सालीसकट. ती साल नीट फुलली की नाही यावर स्वयंपाकीण एल्सचा सगळा आठवडा अवलंबून असे, आणि आज ती फुलली होती. "स्कोल" म्हणून जो तो दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून पेला उचलत होता. होल्गरने बोदिलशी पेला उचलला तेव्हा त्याने तिच्या कानाकडे पाहिलं.

"डेट्रॉइटचे ते मिस्टर विटकॉम्ब अजून हॉटेलातच आहेत का गं?" कार्नाने हळूच विचारलं.

"आज उत्तर हवंय त्यांना," बोदिल म्हणाली. " उद्या सकाळच्या विमानाने स्टॉकहोमला चाललेत."

"कार्ना," आस्ता म्हणाली, "त्या गृहस्थांना माझ्या मांसात आणू नकोस."

स्ट्रॉबेरी आल्या आणि विबेकेने पेल्यावर चमचा वाजवला. आता गाणं. प्रत्येकाच्या बशीशेजारी लाल फितीने बांधलेली कागदाची गुंडाळी होतीच. या कुटुंबात गाण्याशिवाय कुणी सत्तर वर्षांचं होत नसे, आणि चाल शाळेत सगळ्यांनी म्हटलेली असे, म्हणजे कुणाला सुटका नको. विबेके लग्न, बारसं, दातदुखी, कशावरही गाणं रचू शकत असे. सगळ्यांनी कागद उलगडले आणि तोंडं उघडली:

*सत्तर वर्षं झाली तरी आस्ता चढते जिना,*
*तिच्या हातचा मासा खाता पाहुणा हलेना!*

आस्ता मान डोलावत होती.

*बोदिल आमुची टायर शोधत हिंडे गावोगाव,*
*स्वीडनमध्ये अजून घेती दचकून तिचे नाव!*

बोदिलही हसली. विबेकेच्या गाण्यात आपल्याला जागा मिळाली की मनात नाही म्हटलं तरी ऊब येते. मंडळी आता रंगात आली होती आणि पुढचं कडवं आधीच्यापेक्षा मोठ्याने निघालं:

*धाकटा बसला लंडनमध्ये धुके नि चहा पीत,*
*थोरल्याचे मात्र नशीब उघडले अवचित!*
*चार देशांची किल्ली आली होल्गरच्या खिशात,*
*डेट्रॉइटच्या लाडक्याची निघो आता वरात!*

गाताना शब्द आधी तोंडातून जातात, अर्थ मागून चालत येतो. होल्गर चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन इमानेइतबारे प्रत्येक शब्द गात होता, तो 'खिशात'पर्यंत गायला. तिथे त्याचा आवाज तुटला. बाकीच्यांनी वरात काढलीच. मग हुर्रेही झाले, कारण गाण्यापाठोपाठ हुर्रे येतात आणि एकदा सुरू झालेले हुर्रे मध्येच थांबवता येत नाहीत. शेवटचा हुर्रे एकट्या विबेकेचा होता.

"चार देश म्हणजे कुठले गं?" आस्ताने विचारलं.

"डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड!" विबेकेचा चेहरा फुलला होता. "चारही कंपन्या मिळून एक होणार आणि होल्गर सगळ्यांवर मुख्य! किती छान ना?" तिने टेबलाकडे नजर फिरवली. फुललेला चेहरा हळूहळू मिटत गेला. "सांगितलं नव्हतं तुम्ही, होल्गर?"

होल्गर स्ट्रॉबेरीकडे बघत होता.

आयनारने डोळ्यांवर हात घेतला. "विबेके, मी म्हणालो होतो, हे फक्त तुला सांगतोय."

"मग मी तरी कुठे बाहेर सांगितलं? घरातच गायलं ना!"

"चाल छान होती," कार्ना म्हणाली. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

बोदिलने कागद पुन्हा गुंडाळायला घेतला. "कधी कळलं तुला?" तिने होल्गरला विचारलं.

"मेमध्ये."

"हातावर हात मारलास त्यानंतर."

"नंतर."

"आणि ही किल्ली कधी मिळणार? आपण विकल्यावर?"

तेवढ्यात दिवाणखान्यातला फोन वाजू लागला.

कोण करतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिचाऱ्या अमेरिकन माणसाला वाटलं असेल, दुपार टळली, जेवणं झाली असतील. फोन वाजत राहिला. सहा जणं सहा खुर्च्यांवर बसून तो ऐकत राहिली. स्वयंपाकघराच्या दारातून एल्सने डोकं काढलं.

"वाजतोय, बाई."

"ऐकू येतंय, एल्स."

"उचलू?"

"उचलून काय सांगणार? जेवण संपलेलं नाही."

"संपलं की. मी कॉफी टाकलीय. राशनची आहे, पुन्हा तापवली तर वाया जाईल."

"आभार झाले नाहीत," आस्ता म्हणाली, आणि एल्स मुकाट्याने आत गेली.

"होल्गर," आस्ता म्हणाली, "दोन शब्द बोल आणि जा फोनवर. तुझाच असेल."

"मी नाही बोलणार."

"काय?"

"काय बोलू, आई?" होल्गरचा आवाज एवढा मोठा झालेला कार्नाने लग्नानंतर प्रथमच ऐकला असावा. "उभा राहून म्हणू की या घराने आम्हाला खरं बोलायला शिकवलं? बाबांचं नाव घेऊ? आत्ता?"

"मग मी बोलतो," आयनार अर्धवट उठला.

"बस खाली," आस्ता म्हणाली. "तू उजवीकडे आहेस."

आयनार बसला. फोन थांबला. त्या शांततेत समोरच्या खाडीतून एक बोट भोंगा देत गेली.

उठता येत नाही म्हटल्यावर माणसाला बोलावं लागतं. एरवी या घरात भांडण झालं की एक बागेत जाई, एक वर खोलीत, एक स्वयंपाकघरात, आणि संध्याकाळपर्यंत सगळे दारं लावून एकमेकांना क्षमा करून टाकत. आज दारं नव्हती.

"तुम्हाला वाटतंय मी स्वतःला विकलं," होल्गर म्हणाला. "ऐका तरी. आपण नाही म्हटलं तर ते आपल्याला हातही लावणार नाहीत. नुसते खोके पाठवणार नाहीत. आधी उशीर होईल, मग कमी येतील, मग एक दिवस यायचे बंद होतील. मंडळावर बोदिल बसलेली असेल, आणि खाली शेड रिकामी असेल. मी रोज तिथे असतो. मला त्या रिकाम्या शेडची स्वप्नं पडतात. चार देश माझ्याकडे आले तर चौघांच्या गाड्या इथे जोडून घेईन. शब्द दिलाय त्यांनी."

"शब्द," आयनार म्हणाला. "आम्हालाही दिला होता. लंडनला. युरोप कायम तुमचाच, असा. तो शब्द देणारा माणूस निवृत्त झाला, आणि नवीन माणसाला त्याचा आवाज आवडत नव्हता."

"तुला तर तुझी खोली परत हवी आहे!"

"हो, हवी आहे! आणि तुला चार खोल्या हव्या आहेत!"

"मला माणसं कामावर ठेवायची आहेत!"

"मलाही तेच वाटतं," बोदिल म्हणाली, आणि थांबली.

सवयीप्रमाणे ती हेच वाक्य पुढे नेणार होती. कामगार, गोदाम, बाबा. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि सगळ्यांच्या नजरेत एकच गोष्ट होती: बोदिलला यातून काही नको, म्हणून बोदिल खरं सांगेल. लाकडी ठोकळ्यावर ठेवलेल्या गाडीकडे बघावं तसं ते तिच्याकडे बघत होते. एकदम तिला तो मान असह्य झाला.

"खोटं," ती म्हणाली. "म्हणजे ते खरं आहे, पण मी त्याच्यासाठी नाही म्हणत नव्हते. मला माझी खुर्ची हवी आहे. मंडळावरची."

कुणाला काही कळलं नाही असं आधी वाटलं.

"तुला?" आयनार म्हणाला.

"मला. मी बैठकीच्या आदल्या दिवशी केस धुते. मला तिथे जायला आवडतं. मला आकडे आवडतात, त्या म्हाताऱ्यांशी भांडायला आवडतं, गेल्या वर्षी रंगाच्या कंत्राटावरून मी अध्यक्षांना खोटं पाडलं तेव्हा मी घरी येताना ट्रामच्या दोन स्टॉप आधी उतरून चालत आले, इतकं बरं वाटत होतं. शेअर विकले की ते संपलं. मग मी पुन्हा चांदी पुसणार. तुम्ही सगळे म्हणता तिचं काय जाणार. माझं सगळं जाणार आहे."

तिला वाटलं, आता कुणीतरी हसेल. विबेकेचे डोळे पाण्याने भरले होते. होल्गरने चष्मा काढला.

"तू सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"तू सांगितलंस?"

फोन पुन्हा वाजू लागला. या वेळी स्वयंपाकघरातून कुणी डोकावलं नाही.

आस्ता इतका वेळ हाताची घडी घालून बसली होती. "मी सत्तर वर्षांची झाले," ती फोनकडे लक्ष न देता म्हणाली, "आणि सकाळपासून मला प्रत्येक जण बाजूला घेऊन सांगतोय की माझं भलं कशात आहे. कार्ना सांगते, आयनार सांगतो. होल्गर सांगत नाही, तर दोरी ओढत बसतो. स्वतःला काय हवंय ते सांगणारी आत्ता ही पहिली. मला शेअरमधलं कधीच कळलं नाही. लौरिट्स समजावून सांगायचा आणि मी बटाटे सोलायची. बोदिल म्हणेल ते माझं मत. विक म्हणाली तर विकते, ठेव म्हणाली तर ठेवते."

"आई, असं कसं—" आयनार आणि होल्गर एकदम म्हणाले. दोघांचं आज पहिल्यांदाच एकमत झालं.

बोदिलने पाण्याचा पेला उचलला आणि खाली ठेवला. काय हवंय ते बोलून टाकलं होतं, आणि बोलल्याबरोबर ते पदरात पडलंही होतं. ठेव म्हटलं की झालं. पुढच्या बैठकीला तीच खुर्ची, तोच चिटणीस. तिने होल्गरकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा आणि दमलेला दिसत होता. खोके उशिरा येतील, मग कमी येतील. त्यात तो खोटं बोलत नव्हता. एप्रिलपासूनच खोके उशिरा येत होते. मंडळासमोर आलेले ते आकडे तिने पाहिले होते आणि त्याची कारणं युद्धावर ढकलली होती, कारण तिला तशी कारणं हवी होती.

रिकाम्या शेडवर बसलेली खुर्ची. तशी तिला नको होती.

"विकायचं," ती म्हणाली. होल्गरने मान वर केली. "थांब, खूश होऊ नकोस. शब्दावर नाही. चारही देशांच्या गाड्यांची जोडणी दक्षिण बंदरावर होणार, निदान दहा वर्षं, हे विक्रीच्या करारात लिहून आल्याशिवाय एकही शेअर जाणार नाही. आयनार, शब्द कसा मोडतात ते तुला ठाऊक आहे. मोडता येणार नाही असं कलम तू लिहायचंस."

"लिहितो," आयनार म्हणाला, आणि कोटात तो जरा भरल्यासारखा दिसला.

"ते मान्य करणार नाहीत," होल्गर म्हणाला.

"तू मागितलंस तर नाही करणार. तुला त्यांनी आधीच काहीतरी दिलंय. मला अजून काही दिलेलं नाही."

"आणि तुझी खुर्ची?" कार्नाने विचारलं.

"जाईल. पण सही होईपर्यंत माझी आहे, आणि बोलणी तिथे बसूनच करणार आहे मी."

फोन वाजतच होता. बोदिल उभी राहिली. टेबलावर एकदम हालचाल झाली, कारण आभारापूर्वी कुणी उभं राहणं हे विबेकेच्या गाण्यापेक्षाही भयंकर होतं. तिने पेला हातात घेतला.

"आई," ती म्हणाली, "मी तुझ्या डाव्या हाताला नाही आणि पुरुषही नाही. हेरिंग छान होता. साल फुलली होती, हे एल्सला कुणीतरी सांगा. तू आम्हाला उठू दिलं नाहीस, त्याबद्दल मी सगळ्यांच्या वतीने आभार मानते. उठलो असतो तर आम्ही गेल्या वीस वर्षांसारखेच गोड राहिलो असतो. जेवणाबद्दल आभार."

"जेवणाबद्दल आभार," सगळे पुटपुटले. होल्गर सगळ्यांत मागून, पण स्पष्ट. आस्ताने खुर्ची मागे सारली, आणि मग सगळ्यांच्या खुर्च्या एकदम करकरल्या.

बोदिल दिवाणखान्यात गेली. होल्गर तिच्यामागून दोन पावलं आला होता. तो उंबऱ्यातच थांबला. तिने फोन उचलला. शाळेतलं इंग्रजी होतं तिचं, सावकाश आणि नीट. मागे दारात एकेक जण येऊन उभा राहत होता. त्यांना फक्त तिच्या बाजूचंच ऐकू येत होतं.

"हो, ब्रूनांचं घर... हो, दोघेही आहेत... नाही, ते नाही... नाही, तेही नाही."

बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत होता. बोदिल खिडकीतून खाडीकडे बघत ऐकत होती.

"उत्तर आज देता येणार नाही," ती म्हणाली. "आमची एक अट आहे, आणि ती फोनवर सांगण्याइतकी लहान नाही... उद्या दहाला, दक्षिण बंदरावर, मंडळाच्या खोलीत... हो, तुमचं विमान मला माहीत आहे. ते रोज जातं."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" होल्गरने विचारलं.

"विचारत होता, निर्णय घेणारे मिस्टर ब्रून कुठले."

"मग?"

"सांगितलं, उद्या भेटतील. येतोय तो."